वडील हयात आहेत पण खर्च बंद केलाय, इंजिनिअरिंग चालू ठेवायचंय, कुठून मदत मिळेल?

मराठवाडा_ते_पुणे

नमस्कार, मी 19 वर्षांची आहे, गाव बीड जिल्ह्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून डिप्लोमा केला आणि यंदा कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) डायरेक्ट सेकंड इयरला पुण्यातल्या एका खाजगी कॉलेजला इलेक्ट्रिकलला नंबर लागलाय. कॅटेगरी ओबीसी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमी लेयर सगळं आहे. उन्हाळ्यात एक स्थळ आलं होतं, मी आत्ता लग्न नाही करायचं म्हणाले, तेव्हापासून बाबांनी पैसे पूर्ण बंद केलेत. शिकायचं तर स्वतःच्या जिवावर शिक, मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही असं सांगितलंय आणि ते बोलले की बोलले, बदलत नाहीत. आईच्या हातात पैसा नसतो, बचत गटाचे थोडे असतात त्यातून ती कधी पाचशे कधी हजार पाठवते पण ते तिला तरी किती दिवस जमणार. सध्या पिंपरीला मावसबहिणीच्या रूमवर आहे, तिच्या घरमालकाने या महिन्यापुरतंच चालेल म्हटलंय.

अडचण अशी आहे की प्रत्येक फॉर्मला पालकाचं उत्पन्न, पालकाची सही. मी अनाथ नाही, आईवडिलांचा घटस्फोट नाही, जमीन साडेतीन एकर बाबांच्या नावावर आहे, म्हणजे कागदावर माझ्यामागे घर आहे आणि खरं बघितलं तर हातात काहीच नाही. अशा मुलींसाठी काही आहे का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा. आणि हो, माझं बँक खातं बाबांबरोबर जॉइंट आहे आणि आधारला त्यांचाच मोबाईल नंबर आहे, त्याने काही फरक पडतो का?

शिष्यवृत्ती_टेबल_निवृत्त

बाळ, तू शेवटी जे सहज विचारलंयस ना तेच सगळ्यात आधी करायचं आहे. मी कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या टेबलावर नोकरी केली आणि मुलींचे पैसे अडकतात ते बहुतेक इथेच. महाडीबीटीला, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलला, आधारवरून जायचं म्हटलं की ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, म्हणजे तुझा ओटीपी तुझ्या बाबांच्या फोनवर. त्यांनी तो दिला नाही तर तुझा फॉर्म तिथेच थांबला. उद्याच्या उद्या आधार केंद्रावर जा, मोबाईल नंबर बदलायला कसलाही कागद लागत नाही, कुणाची सही लागत नाही, तुझा अंगठा लागतो आणि थोडी फी.

दुसरं बँक. सरकारी पैसे तू फॉर्मवर कुठला खाते नंबर लिहिलास त्यावर जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैशांसाठी जोडलेलं असेल त्यावर जातात. आज ते जॉइंट खातं असेल तर पैसे तिथे पडतील आणि मग काढणारा कोण हे सांगायला नको. स्वतःच्या एकटीच्या नावाने नवीन खातं उघड, अठरा पूर्ण आहेत, पालक लागत नाही. आणि बँकेत नुसतं आधार जोडा म्हणू नकोस, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात) सीडिंग करायचंय असं म्हणून वेगळा फॉर्म भर. आठवड्याने स्टेटस बघ, त्यात नवीन बँकेचं नाव दिसलं की मगच निश्चिंत हो.

आता फी. 8 जुलै 2024 च्या जीआरप्रमाणे ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखाच्या आत हवं आणि ॲडमिशन कॅपमधून हवी. तुझी कॅपची आहे म्हणजे बसतेस. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. पण डेव्हलपमेंट फी यात येत नाही, ती कॉलेज मागेल, त्याचे हप्ते करून द्या असा प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. तोंडी बोलणं काउंटरवरचा माणूस बदलला की संपतं.

राहण्याजेवणासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना बघ. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 पर्यंत थेट खात्यात येतात. उत्पन्न मर्यादा अडीच लाख, आणि जिल्ह्यामागे संख्या ठरलेली असते, मेरिटवर निवड होते, त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघू नकोस. आधी ओबीसी मुलींच्या सरकारी वसतिगृहाला अर्ज कर, तिथे झालं तर उत्तमच.

उत्पन्नाचा दाखला: तू सज्ञान आहेस, आपले सरकार पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने स्वतः अर्ज करू शकतेस. तलाठ्याला खरं काय ते सांग, आई सोबत आली तर फारच चांगलं. बाबांचं उत्पन्न मात्र लपवू नकोस, ते खरं तेच येऊ दे, साडेतीन एकर कोरडवाहू असेल तर मर्यादेत बसशील. आणि सही नाही म्हणून परत पाठवलं तर तसं लेखी द्या म्हण. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि मुदतीत दिलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. हे शांतपणे म्हटलं की बरीच कामं होतात.

नाना_सांगली

मुली, सल्ला देतो, राग मानू नकोस. वडिलांशी बोलून मिटव. बापाचं मन मोठं असतं, चार दिवस राग राहतो. एकटी मुलगी पुण्यात कशी राहणार.

अनुराधा_कोथरूड

नाना, बोलून मिटलं तर आनंदच आहे पण तोपर्यंत कॉलेजची तारीख थांबत नाही ना, ॲडमिशन गेली की वर्ष गेलं आणि मग घरी बोलायलाही तिच्या हातात काही उरणार नाही. मुली पुण्यात एकट्या राहतात, मी राहिले, माझ्या बरोबरच्या कितीतरी राहिल्या.

मराठवाडा_ते_पुणे, मी विद्यार्थी साहाय्यक समितीत राहून शिकले. 1955 साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली संस्था आहे, खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी. फर्ग्युसन रोडच्या परिसरात वसतिगृहं आहेत, मुलींचं वेगळं. खर्च बाहेरच्या पीजीच्या मानाने फारच कमी, पण तिथे कामं वाटून घ्यावी लागतात, शिस्त आहे आणि मुलाखत घेऊन प्रवेश देतात. मुलाखतीत परिस्थिती जशी आहे तशी सांग. लग्नाचं सांगायला लाज वाटून मुली गोलगोल बोलतात, मग समोरच्याला वाटतं घरी जमीन आहे, हिला काय गरज. तू नीट सांग. यंदाच्या जागा भरल्या असतील तरी वेटिंगला नाव घाल, मधेच जागा होतात.

दुसरं म्हणजे कमवा व शिका. तुझं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं असेल तर कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांना भेट. लायब्ररी, लॅब, ऑफिस अशा ठिकाणी तासावर काम मिळतं, पैसे फार नाहीत, मेसचा काही भाग निघतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्टाफला तू माहीत होतेस, मग कुठून कोणाची मदत आली, कोणी जुनी पुस्तकं दिली, कोणी एखाद्या ट्रस्टचा फॉर्म आणला की तुझं नाव आठवतं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा फी अशीच एका मॅडमनी भरली होती.

माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवले, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तेव्हा समाज हे करायचा, सगळ्यांसाठी करायचा असं नाही, जात बघूनच करायचा, म्हणून तर शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून बोर्डिंगं काढली आणि कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांचं धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. घरून काही न येणारं पोर शिकलंच पाहिजे ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही, त्यामुळे मदत मागताना मान खाली घालू नकोस.

वकील_ताई_औरंगपुरा

फी आणि हॉस्टेलचं वर आलंय, मी कायद्याचं सांगते कारण हे बहुतेक मुलींना माहीतच नसतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956, कलम 20. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर राहू शकत नसेल तर सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे निर्वाह मागू शकते. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात हे स्पष्ट केलंय. फक्त तो दावा या कायद्याखाली करायचा, मॅजिस्ट्रेटकडच्या पोटगीच्या अर्जात सज्ञान मुलीला साधारणपणे मिळत नाही, तिथे शारीरिक किंवा मानसिक अक्षमतेची अट आहे. मुलग्यांना मात्र हा हक्क अठरापर्यंतच, ते मला स्वतःला पटत नाही पण आज तसं आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा कायद्यात तसं आहे. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, किंवा 15100 ला फोन कर. लगेच केस टाक असं मी म्हणत नाहीये. प्राधिकरणाकडून वडिलांना बोलावून समोरासमोर बसवता येतं, समुपदेशन होतं, पुष्कळ वडील तिथे निदान सही तरी देतात कारण मुलीला हक्क आहे हे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी बाहेरचं सांगतं. नानांना जे बोलणं हवंय ते असंही होऊ शकतं. आणि लग्नासाठी मारहाण, डांबून ठेवणं, कागदपत्रं काढून घेणं असलं काही झालं तर ते वेगळं प्रकरण आहे, मग घरगुती हिंसाचार कायदा 2005 आहे, 181 ला फोन कर. दहावी, डिप्लोमाच्या ओरिजिनल मार्कशीट घरी असतील तर आईला सांगून आधी त्या मागवून घे.

बालगृहातला_सिव्हिलवाला

ताई, मी बालगृहात वाढलो. आमच्यासाठी कागदावर बरंच आहे, अठरा झाल्यावर 21 पर्यंत अनुरक्षणाची (संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची) सोय, काही केसमध्ये 23 पर्यंत, मिशन वात्सल्यमधून महिन्याला 4,000 ची तरतूद, शिक्षणात आणि नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण, इंजिनिअरिंगला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) स्वनाथ म्हणून वर्षाला 50,000 ची स्कॉलरशिप. तरी माझ्याबरोबरची मुलं अठराव्या वाढदिवसानंतर स्टेशनवर झोपलेली मी पाहिलीत, कारण हे आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. हे वाचणारं कोणी संस्थेतलं असेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात जा, अनाथ प्रमाणपत्र काढा, अठरा व्हायच्या आत काढलं तर धावपळ कमी होते.

तुझ्यासारख्यांचं मात्र खरंच अवघड आहे. आईबाप आहेत म्हटलं की सरकारच्या दृष्टीने विषय संपतो. पण एक तुला लागू होईल, मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती स्कॉलरशिप, वर्षाला 50,000, उत्पन्न आठ लाखाच्या आत, डिप्लोमावरून सेकंड इयरला थेट आलेल्यांना चालते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म असतो. दुसरी सरकारी स्कॉलरशिप घेत नाही अशी त्यात अट असते, म्हणून फी माफी आणि आधार योजना मिळून जास्त होतंय की प्रगती, हा हिशोब आधी कर आणि मगच एक काय ते पक्कं कर. दोन्हीकडे भरून नंतर पैसे परत करायची वेळ आणू नकोस.

आणि लोन ॲप. कृपा करून नाही. रूमवर कोणीतरी सांगतंच की पाच मिनिटात दहा हजार येतात. ते फोनमधले सगळे नंबर घेतात आणि हप्ता चुकला की तुझ्या मामाला, सरांना, गावातल्या दुकानदाराला फोन जातात. बँकेचं एज्युकेशन लोन वेगळं, चार लाखापर्यंत तारण लागत नाही पण सहकर्जदार म्हणून पालक लागतो, आई होऊ शकते का विचार. फी माफ झाली तर तुला एवढं कर्ज लागणारही नाही बहुतेक.

मराठवाडा_ते_पुणे

सगळ्यांचे खूप आभार, खरंच रडू आलं वाचून. नाना, तुमचाही राग नाही. आधार केंद्रावर जाऊन आले, नंबर बदलायला दिलाय, बँकेत खातं उघडलं आणि सीडिंगचा फॉर्म वेगळा मागितला तर आधी नाहीच म्हणाले, मग मॅनेजरला भेटले तेव्हा दिला. काका, हप्त्याच्या अर्जाची पोच घेतली. मार्कशीट आई एसटीने ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवतेय. समितीत वेटिंगला नाव दिलंय. कोर्टाचं मला आत्ता नको वाटतं, बाबांना समोर उभं करायची हिंमत नाही, पण 15100 चा नंबर सेव्ह केलाय.

एकच राहिलं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गावी जावंच लागेल का? गावात गेले की परत येऊ देतील का याची भीती वाटते.

शिष्यवृत्ती_टेबल_निवृत्त

अर्ज ऑनलाइनच होतो, तू पुण्यातून कर. तलाठ्याच्या चौकशीला आई जाऊ शकते, तिला लागणारे कागद मी तुला मेसेजमध्ये लिहून देतो, ते तू एका कागदावर उतरवून मार्कशीट आणणाऱ्या त्याच कंडक्टरबरोबर पाठव. अर्ज केलास की नंबर मला कळव, तारखा मी लक्षात ठेवतो. आणि पिंपरीची रूम सोडायच्या आधी इथे सांग.

अनुराधा_कोथरूड

रूमचं मला सांग. आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे, हॉस्टेल मिळेपर्यंत राहा, भाडं नको. मावसबहिणीला घेऊन येऊन आधी बघून जा, माझा नंबर मेसेजमध्ये पाठवलाय.