ठासणीच्या बंदुकीला मागची खाच बसवावी काय?

धागा मांडणारा (भुदरगड तालुका)

आमच्या घरी आजोबांपासून चालत आलेली, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर नोंदलेली केपाची (स्फोटक टोपीने बार उडणारी) ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक आहे. नळी आतून गुळगुळीत असून तोंडाशी माशी, म्हणजे नेम धरायचा पितळी उंचवटा आहे, मात्र डोळ्याजवळ नेम जुळवायला काहीही नाही. उन्हाळ्यात रीतसर परवानगी घेऊन मी 40 मीटरवरच्या पुठ्ठ्यावर दहा गोळ्या टाकल्या. भोके आडवी वीतभरात बसली, पण उभी मात्र हातभर पसरली, जणू कोणी ओळंबा धरून ती पाडली असावीत. माझ्या मते हा दोष नळीचा नसून डोळ्याचा आहे आणि नळीवर मागे, माशीशी जुळवून नेम धरायची एक साधी खाच बसवली तर तो बराचसा जाईल. जाणकारांनी आपले मत द्यावे.

प्रतिसाद : नेमबाजी शिकवणारा, कोल्हापूर शहर

मी याच्या विरोधात आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा आधी साइटबद्दल, म्हणजे नेम जुळवायच्या माशी-खाचेबद्दल विचारतो, आणि प्रत्येकाला मी हेच सांगतो की साइट फक्त नळीचे तोंड कोठे वळले आहे ते दाखवते, पुढे गोळी कोठे जाईल ते नळी ठरवते. रायफलीच्या नळीतील आटे, म्हणजे आतल्या पिळदार चऱ्या, गोळीला ठरावीक फिरकी देतात. तुमच्या नळीत आटे नाहीत, गोळी नळीपेक्षा थोडी लहान असते, त्यामुळे ती आत आपटत जाते आणि शेवटची टक्कर ज्या बाजूला होईल त्यानुसार मनाला येईल तशी फिरत बाहेर पडते. त्या मनमानीवर खाच काय करणार?

हिशेबाने पाहू. वेगवेगळ्या कारणांनी होणाऱ्या चुका सरळ मिळवायच्या नसतात, त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे असते. गोळीचा स्वतःचा पसारा 30 सेंटिमीटर आणि डोळ्याची चूक 8 सेंटिमीटर असेल, तर एकूण पसारा होतो 31. खाच बसवून डोळ्याची चूक शून्यावर आणली, तरी एकाच सेंटिमीटरचा फायदा. एवढ्यासाठी जुन्या नळीवर कानस चालवणे मला पटत नाही.

धागा मांडणारा

सूत्र मान्य, त्यात घातलेले आकडे मान्य नाहीत. गोळीच मनमानी करत असती तर भोके चहूबाजूंनी गोल विखुरली असती. माझी एका उभ्या रेषेत आहेत. माझ्या डोळ्यापासून माशीपर्यंत साधारण 110 सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे 40 मीटरवर हातभर, अर्थात 45 सेंटिमीटरचा फरक पडायला डोळा जेमतेम सव्वा सेंटिमीटर वरखाली झाला तरी पुरे. दस्त्यावर गाल दर वेळी तेवढ्याच उंचीवर टेकत नाही हे मला स्वतःलाच जाणवत होते. दारूचे माप चुकले असेल असेही कोणी म्हणेल. पण गोळीचा वेग सेकंदाला 300 मीटरवरून 250 वर आला तरी या अंतरावर ती चारेक सेंटिमीटरच जास्त खाली पडते.

आणखी एक. गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासली की मोकळी जागा भरते आणि गोळी आत आपटत नाही. तसे करून पसारा 10 सेंटिमीटरवर आला, तर तुमच्याच सूत्राने 8 ची चूक एकूण पसारा जवळजवळ 13 वर नेते. म्हणजे चिंधी आधी आणि खाच नंतर, हा क्रम मला मान्य आहे.

प्रतिसाद : जुन्या हत्यारांचा अभ्यासक, पन्हाळा

इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. 31 जुलै 1857 रोजी कोल्हापुरात 27 व्या पलटणीने उठाव केला. त्या वर्षाच्या धड्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी एनफिल्ड या आपल्या आटेदार रायफलीच्याच धर्तीची, पण आटे नसलेली बंदूक काढली आणि तिच्यावर लांब पल्ल्याची वरखाली होणारी साइट ठेवली नाही. शिकवणाऱ्यांना हे आवडेल. मात्र साइट समूळ काढलेली नव्हती. तिच्या जागी साधी स्थिर साइट ठेवली होती, हे धागा मांडणाऱ्यांना आवडेल. त्याच्याही आधीच्या आपल्याकडच्या तोड्याच्या (पेटत्या वातीने बार काढायच्या) बंदुका पाहा. त्यांच्या नळ्याही गुळगुळीत, तरी कित्येकींच्या मागच्या बाजूला चांगली ठसठशीत खाच असते. उलट इंग्रजांच्या जुन्या मस्केटला, म्हणजे गुळगुळीत नळीच्या लष्करी बंदुकीला, मागे काहीच नसे, कारण तिच्यातून एकेकट्याने नेम धरण्यापेक्षा साऱ्या रांगेने एकदम बार काढणे अपेक्षित होते.

माझा विरोध निराळ्या कारणासाठी आहे. खाच बसवायला नळीत आडवा गाळा कापतात, आणि दारूचा सर्वांत जास्त दाब जेथे असतो त्या मागच्या भागातच लोक तो कापून बसतात. जुन्या, पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या नळीचे पत्रे आतून किती गंजले आहेत ते बाहेरून कळत नाही.

प्रतिसाद : उद्यमनगरातील लेथवाला

गाळा कापायची गरजच नाही. नळीच्या गोलाईचे कडे करून, त्यावर खाच बसवून, स्क्रूने आवळता येते आणि नको असेल तेव्हा काढता येते. माझ्याकडे हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

प्रतिसाद : शेतकरी, गगनबावडा

अर्ध्या दिवसाचे काम आणि पुढे कोर्टाच्या तारखा. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करणाऱ्याकडे त्याचा स्वतंत्र परवाना असावा लागतो. उद्यमनगरात हात कितीही बसलेला असला तरी तो परवाना होत नाही. शिवाय मुळात खाच कशाला? गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी, त्याच्यावर नेम धरायचाच नाही. आम्ही रात्री माळ्यावरून नुसती दारू भरून बार काढतो, कळप उसातून निघून जातो. आवाजाला खाच लागत नाही.

धागा मांडणारा

गव्याबद्दल आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे आणि माझाही बार बहुतेक वेळा रिकामाच असतो. मी विचारले होते ते पुठ्ठ्यावरच्या नेमाबद्दल. लेथवाल्यांची कड्याची कल्पना घेतो, काम मात्र परवानाधारक कारागिराकडूनच करून घेईन. खाच उंच झाली की गोळी वर लागते, म्हणून माशीही त्या मानाने उंच करावी लागेल. आणि पन्नाशीतल्या डोळ्याला जवळची खाच धूसर दिसते, तेव्हा कडे नळीच्या मुळाशी न बसवता वीतभर पुढे बसवायचे ठरवले आहे.

प्रतिसाद : नेमबाजी शिकवणारा

आधी चिंधी लावून दहा गोळ्या टाका आणि तो पुठ्ठा येथे दाखवा. भोके तरीही ओळंब्यातच राहिली, तर माझा विरोध मी मागे घेईन. गोल पसरली, तर कड्याचे पैसे वाचवा.