कैकेयीचं बोट आणि रथाची खीळ

जत्रांतल्या नाटकांच्या तालमी सुरू होतील. रामायणावरचं नाटक लांबलं की पहिली कात्री चालते ती कैकेयी दशरथाच्या रथाच्या खिळीच्या जागी बोट घालते त्या युद्धावर, आणि कैकेयी प्रेक्षकांना थेट कोपभवनातच भेटते. मग ती कजागच वाटणार! युद्धाचा प्रवेश ठेवणाऱ्यांनी आपापले अनुभव लिहा.

डिचोली, संहिता
वाल्मीकींकडे बोट नाही. शंबरासुराशी लढताना दशरथ घायाळ होऊन शुद्ध हरपतो, कैकेयी त्याला रणांगणाबाहेर काढते. दोन वर त्याबद्दलचे. खिळीच्या जागी हात किंवा बोट घालणं नंतरच्या परंपरेतलं. दोन्ही जोडलंत तर राजा बेशुद्धही आणि लढतोयही, असा घोळ होतो. एकच घ्या. बोट घेतलंत तर लढाई आटपेपर्यंत दशरथाला पत्ता लागता कामा नये.

फोंडा, नेपथ्य
चाक ६ मिमी प्लायचं, व्यास ३ फूट. १२ मिमीचं जड होऊन पुढे झुकतं. तुंब्याला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) ४ इंची पीव्हीसी नळीचा तुकडा, आसाला अडीच इंची. आस तुंब्याबाहेर चार बोटं यायला हवा, कारण खिळीचं भोक त्या टोकाला असतं. भोक १ इंचाचं ठेवा, कडा पॉलिश पेपरने घासा. कैकेयी करणारी हटकून आऱ्यांत बोट घालते. अहो, आरे फिरतात! तालमीत खीळ काढून चाक निसटताना एकदा दाखवा, पुन्हा सांगावं लागत नाही.

मडगाव, प्रकाश
युद्ध म्हटलं की निळा झोत, हा रोगच आहे. निळ्यात लाल रंग काळा दिसतो, रक्त वंगणासारखं. हातावर साधा पिवळसर झोत ठेवा.

पेडणे, दशावतार
आमच्याकडे चाक लागत नाही. बाकडं तोच रथ, तेच सिंहासन. स्त्रीपार्टीने बाकड्याच्या टोकाला बसून उजवा हात गुडघ्याखाली सोडायचा, नजर समोर घोड्यांवर. बोट आत गेलं की झांज बंद, पखवाज एकटा चालू. तोंड वेडंवाकडं करू नये. सगळं इथेच ओतलं तर कोपभवनात द्यायला काय उरणार?

फोंडा, वेशभूषा
रक्त म्हणून आळता ओघळतो, कुंकू-खोबरेल नऊवारीवरून निघत नाही. मुठीत दोन बोटं रुंद, हातभर लांब लाल फीत दडवा, मागच्या रांगेलाही दिसते. कोपभवनात पट्टी नको, मधे वर्षं गेलीत. बोट किंचित आखडलेलं ठेवलं की पुरे.

डिचोली, संहिता
आखडलेलं चालेल, पण मंथरेने त्यावर वाक्य टाकू नये. तिथे हमखास हशा पिकतो.