प्रेमप्रसंग सोपे? मुळीच नाही
ऐतिहासिक कादंबरी लिहिताना "इतिहासाचा अभ्यास अवघड, प्रेमप्रसंग काय कुणीही लिहील" असं मत ऐकू येतं, ते मला पटलं नाही. माझी कादंबरी सवाई माधवरावांच्या काळातली, १७९० च्या आसपासची. लढाया, सनावळ्या बखरींत आणि छापील पत्रांत मिळाल्या. पण वाड्यात चारचौघांत नवराबायकोने बोलायची चोरी, नाव घेणं तर दूरच. मग प्रेम दाखवायचं कसं? शेवटी जात्यावरच्या ओव्यांवर अख्खं प्रकरण तोललं.

तरी फजिती झालीच. रात्रीच्या भेटीत नायकाने काडी ओढून समई लावली होती. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच विकायला आली १८२७ साली! मग चकमक झाडली, ठिणगी कापसावर धरली. प्रसंग लांबला, आणि (संपादकांना पटलं नाही तरी) त्या अंधारातच रंगला.