मदत हवी आहे: शाळेच्या स्लॅबचे क्यूब नापास, सळाख खाली गेलेली, एमबी (बिलासाठीची मापवही) लिहू का?

गिट्टीचुरी:
नमस्कार मंडळी. साइट विदर्भातल्या एका खेड्यातल्या शाळेची आहे, दोन खोल्या. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही. समोर १.२ मीटरचा कँटिलिव्हर स्लॅब आहे, म्हणजे फक्त भिंतीकडून धरलेला, पुढची कडा मोकळी. मुळाशी जाडी १५० मिमी, वरच्या अंगाला १० मिमीच्या सळाखी १५० मिमीवर. काँक्रीट एम २० (२८ दिवसांनी ताकद २० न्यूटन प्रति चौ. मिमी हवी), सिमेंट पीपीसी (राखमिश्रित). त्याच काँक्रीटचे तीन क्यूब (नमुन्याचे ठोकळे) २८ दिवसांनी फोडले: १५.१, १६.४, १४.८. कव्हर मीटर (सळाख किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र) लावला तर वरची सळाख २० ऐवजी ८० मिमी खोल लागते. टेके काढून झालेत.

ठेकेदार म्हणतो, नवे क्यूब टाकून पास रिपोर्ट आणतो आणि पुढच्या कडेला लोखंडी पाइपाचे खांब देतो. वरून तोंडी निरोप: मार्चमध्ये बिल निघालंच पाहिजे. निधी परत गेला तर गाव नाराज होईल ते वेगळंच. काय करावं?

कोरडवाहू:
भाऊ, कागद नंतर, आधी टेके. आजच कडेखाली मीटर-मीटरवर टेके लावा. खाली काळी माती असेल तर मुरूम ठोकून त्यावर जाड फळी टाका, नाहीतर टेकाच रुतेल. जॅकनं स्लॅब उचलू नका, नुसते अंगाला लागेपर्यंत आवळा. मग दोरी बांधून जागा बंद करा. लेकरं खिचडी खायला नेमकी त्याच सावलीत बसतात.

हिशेब साधा आहे. सळाखीची परिणामी खोली (स्लॅबच्या तळापासून सळाखीच्या मध्यापर्यंत) १२५ मिमी असायला हवी होती, ती ६५ उरली. पाण्याच्या टाकीत मुरलेलं एम २० धरलं तरी मुळाशी ताकद निम्म्याहून खाली जाते, आणि तुमचं काँक्रीट तेवढंही नाही. कँटिलिव्हर पडण्याआधी फारशी सूचना देत नाही.

क्यूबचं म्हणाल तर तिन्ही आकडे सरासरीच्या १५ टक्क्यांच्या आत आहेत, म्हणजे नमुना वैध. सरासरी १५.४. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे एम २० ला एकही निकाल १७ च्या खाली चालत नाही. शिवाय क्यूब टाकीत मुरतो, स्लॅब उन्हात. पाणी मारायला कसर झाली असेल तर प्रत्यक्ष स्लॅब क्यूबपेक्षाही कच्चा असू शकतो.

सेंटरिंगवाला नव्हे:
खात्री करायची तर कोअर (स्लॅबमधून कापून काढलेले गोल नमुने) काढा. किमान तीन लागतात. त्यांची क्यूबमध्ये रूपांतरित सरासरी ८५ टक्के, म्हणजे १७, आणि एकही ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १५ च्या खाली नको. कोअर खोलीच्या स्लॅबमधून, मधल्या भागातून, आधी सळाख आखून घ्या. कँटिलिव्हरच्या मुळाशी भोक पाडलं तर उरलीसुरली सळाखही कापाल. रिबाउंड हॅमरचा (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) आकडा एकटा धरू नका, त्यात २५ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. नमुने ठेकेदाराच्या गाडीतून पाठवू नका. सील करून स्वतः सरकारी अभियांत्रिकी कॉलेजात द्या.

कोअर पास झाले तरी सळाखीचा दोष जागच्या जागी राहतो, हे विसरू नका.

ओढ्याकाठी:
पाइपाच्या खांबाला स्पष्ट नकार द्या. कडेला आधार दिला की स्लॅब दोन टोकांवर टेकतो, ताण खालच्या अंगाला येतो, आणि तिथं त्या ताणासाठी सळाख काढलेलीच नाही. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लोंबत्या पुलांचे एकसंध रॉड सोयीसाठी दोन-दोन तुकड्यांत केले गेले. वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला, हिशेब कोणी केला नाही, ११४ माणसं गेली. आणि जबाबदार अभियंत्यांचे परवानेही गेले.

नव्या क्यूबचा रिपोर्ट म्हणजे त्या स्लॅबचा रिपोर्टच नव्हे, तो खोटा कागद आहे. निष्काळजीपणानं जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तोंडी निरोपाचा पुरावा उरत नाही, एमबीवरची सही उरते.

गिट्टीचुरी:
टेके लावतो. पण मार्चचं काय?

कोरडवाहू:
पाया, भिंती, प्लिंथ यांच्या चाचण्या पास असतील तर त्यांचं चालू बिल करा. स्लॅबची बाब एमबीत घेऊ नका. उपअभियंत्यांना आजच्या तारखेचं पत्र द्या: क्यूबचे तीन आकडे, कव्हरची जागावार मापं, फोटो, "वापरास अयोग्य, टेके लावले आहेत, डिझायनरचा लेखी अभिप्राय हवा" एवढंच. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायतीला प्रत द्या. ठेकेदाराला वेगळी नोटीस.

बहुधा कँटिलिव्हर फोडावाच लागेल. किती आतपर्यंत फोडायचं ते डिझायनर ठरवेल. एम २० मध्ये ५०० ग्रेडच्या १० मिमी सळाखीला सुमारे ५७० मिमी पकड (काँक्रीटमध्ये रुतलेली लांबी) लागते.

पुन्हा भरताना वरच्या सळाखीखाली मीटरभर अंतरावर लोखंडी खुर्च्या ठेवा आणि मजुरांना चालायला फळ्या टाका. सळाख खाली जाते ती पायांनीच. एका बॅगला रेतीतल्या ओलाव्यासकट ३० लिटरच्या वर पाणी नको. पाणी दहा दिवस मारा, पीपीसीला चौदा. टेके २१ दिवस ठेवा आणि काढताना मोकळ्या कडेकडून भिंतीकडे या.