टाकीत अमोनिया वाढलाय, दोन मासे गेले. दीड हजारात काय होईल?

टँकरग्रस्त
नमस्कार मंडळी. लेकीच्या वाढदिवसाला दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आणि सहा गोल्डफिश आणले, त्याला तीन आठवडे झाले. त्यातले चिवडा आणि अनारसा गेले (नावं लेकीने ठेवली आहेत, हसू नका). उरलेले चार सकाळी वर येऊन आ वासत बसतात. पाणी धुरकट. दुकानदाराने पाणी तपासून अमोनिया २ ते ४ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) मध्ये, पीएच ८ सांगितला आणि निळं औषध हातात ठेवलं. स्वच्छतेत माझ्याकडून कसूर नाही. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतो, दगड आणि फिल्टरचा स्पंज घासून धुतो. सोसायटीला आठवड्यातले चार दिवस टँकरचं पाणी. बजेट १५०० रुपये. टेस्ट किट घेऊ, मोठा फिल्टर घेऊ की अजून काही?

चारफुटी
दीड हजारात काही होत नाही, स्पष्टच सांगतो. माझी चार फुटांची प्लँटेड टाकी आहे, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डबा) ११ हजारांचा, सीओटूचा सिलिंडर वेगळा. चार वर्षांत अमोनिया शब्द ऐकला नाही. एकदाच खर्च करा आणि सुखी व्हा.

मधुरा_ठाणे
कॅनिस्टरला अनुमोदन. आमच्या जावेकडे आहे, आवाज अजिबात नाही.

पाणकोंबडा
मालकांनी १५०० लिहिलंय, ११ हजार नाही.

टँकरग्रस्त, रविवारची ती स्वच्छताच नडली आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतो, शिवाय उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. हा अमोनिया खाणारे जीवाणू स्पंजवर, दगडांवर, काचेवर चिकटून वाढतात. पाण्यात ते नावापुरतेच असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही दर सातव्या दिवशी ती घासून गटारात सोडता.

आजपासून: दोन दिवस खाणं बंद, गोल्डफिश उपाशी मरत नाही. रोज निम्मं पाणी बदला. स्पंजला हात लावू नका. अगदीच तुंबला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात बादलीत दोनदा पिळायचा, बस. निळं औषध टाकू नका. त्यात मेथिलीन ब्लू असेल तर उरलेसुरले जीवाणूही जातील.

शुभांगी_वास्तु
मासा जातो तेव्हा घरावरचं संकट स्वतःवर घेऊन जातो असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. टाकी कुठल्या दिशेला आहे?

टँकरग्रस्त
ताई, टीव्हीच्या बाजूला.

नागपुरी_संत्रं
टीव्हीची बाजू म्हणजे कोणती दिशा बे 😂

कोल्हापूरकर
स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीननं जीवाणू मरत्यात, बरोबर हाय. माझ्याबी सगळ्या टाकीचं तेच झालं होतं. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवायचं, मगच वतायचं.

निवांत
टँकरच्या पाण्यात क्लोरीन कुठून येणार? ते बोअरचं असतं.

कोल्हापूरकर
टाकी भरताना वाचमन पावडर टाकतोय की न्हाई, बघितलंय का तुम्ही?

निवांत
आमच्याकडे नाही टाकत.

पाणकोंबडा
वाद घालण्यापेक्षा दोन थेंब अँटीक्लोरीन टाका, पन्नास रुपयांत बाटली मिळते. तशीही टँकरच्या पाण्याची खरी अडचण क्षारांची आहे. त्याचा पीएच चढा असतो आणि अमोनियाचं विषारीपण पीएचवर अवलंबून आहे. पंचवीस अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियातला विषारी भाग शेकडा एकसुद्धा नसतो. ८ ला पाचेक टक्के होतो, ८.५ ला पंधराच्या आसपास. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणून एकाच्या टाकीत २ आकडा असून मासे हिंडतात आणि दुसऱ्याच्या टाकीत तेवढ्यानेच आडवे होतात.

चारफुटी
मग आरओचं पाणी वापरा ना. मी तेच वापरतो, पीएच ६.५.

पाणकोंबडा
तुम्ही त्यात परत क्षार घालता म्हणून चालतं. नुसतं आरओ भरलं तर पीएच सांभाळायला काही उरत नाही आणि तो एकदम कोसळतो. त्या जीवाणूंनाही क्षारता लागते. शिवाय गोल्डफिशला जड पाणी मानवतं. पीएच पाडायच्या भानगडीत पडू नका, अमोनिया पाडा.

न्यूजर्सीची_माई
इकडे आम्ही प्राइम (क्लोरीन-अमोनिया निष्प्रभ करणारं पाण्याचं औषध) टाकतो, झाकणभर टाकलं की काम फत्ते. आमच्या बेसमेंटमध्ये ७५ गॅलनचा टँक आहे. भारतात मिळतं का ठाऊक नाही, मी येताना आणू शकते, पण डिसेंबरमध्ये.

निवांत
माई, भारतात सगळं मिळतं.

झिंगाभाई
झिओलाइट घ्या. पांढुरके खडे असतात, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायचे. अमोनिया ओढून घेतात. दीडशे-दोनशेत काम होतं.

टँकरग्रस्त
सगळ्यांचे आभार. काल आणि आज निम्मं पाणी बदललं. झिओलाइट आणलं, १८० रुपये. मित्राच्या लिक्विड किटवर आज १ आलं, म्हणजे हिरवा रंग जरा फिका झालाय. मासे अजून वर येतात पण कमी. गूगलवर वाचलं की मिठाने माशांना आराम पडतो, तर मूठभर खडेमीठ टाकतोय.

झिंगाभाई
थांबा!! मीठ टाकायच्या आधी झिओलाइट बाहेर काढा. मिठातलं सोडियम खड्यांत शिरतं आणि धरून ठेवलेला अमोनिया ते परत पाण्यात सोडतात. मी २०१९ मध्ये हेच केलं. रात्री मीठ टाकून झोपलो, सकाळी सात मॉली पालथे. दुकानदाराने दोन्ही पुड्या एकाच पिशवीत बांधून दिल्या होत्या, चकार शब्द बोलला नाही.

टँकरग्रस्त
बापरे. मीठ हातातच होतं. ठेवलं परत डब्यात.

पाणकोंबडा
मीठ पुढे लागेल, तेव्हा खडे काढून टाका. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढतं. त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असून मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड ते अडवतं, लिटरला एक ग्रॅम पुरे. मूठ हे माप नाही.

आणि आता कडू गोष्ट. तुमची टाकी काठोकाठ ५६ लिटरची, दगड आणि वरची मोकळी जागा सोडून ४५ धरा. गोल्डफिश हा घाण करण्यात एक नंबरचा मासा. ४५ लिटरमध्ये चार म्हणजे वन बीएचकेमध्ये वऱ्हाड. दोन देऊन टाका, खरं तर तीन.

मधुरा_ठाणे
मासे कमी करा, +१.

कोल्हापूरकर
मासं कमी करा. टाकी ल्हान हाय.

चारफुटी
मासे कमी करा किंवा टाकी मोठी घ्या. माझ्याकडे तीन फुटी जुनी आहे, ७ हजारांत देईन. स्टँडसकट.

नागपुरी_संत्रं
चारफुटीभाऊ, धागा सल्ल्याचा आहे, ओएलएक्सचा नाही.

हळदीकुंकू
माझा अनुभव सांगते. मनीप्लँटची मुळं पाण्यात सोडा, पानं बाहेर राहू देत. आमच्या टाकीवर जो वेल आहे तो आता पडद्याच्या दांडीवर चढलाय. अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही ओढतो आणि फुकट मिळतो. फक्त मुळं कुरतडतात का बघा, गोल्डफिशचा नेम नाही.

खराडी_बायपास
टँकरग्रस्त, मी जवळच आहे. माझी टाकी दोन वर्षं जुनी, त्यात एअरपंपावर चालणारे तीन स्पंज फिल्टर आहेत. एक तुम्हाला देतो, तुम्ही मला नवा आणून द्या, अडीचशेला येतो. मळकट दिसेल पण धुऊ नका, तो मळच हवाय. टाकीच्या पाण्यात बुडवूनच न्यायचा, वाटेत सुकला तर गेला. माझ्याकडे सध्या रोगराई नाही. बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा हे खात्रीचं.

पाणकोंबडा
या धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. आजच जा.

टँकरग्रस्त
दहा दिवसांनी येतोय, माफ करा. खराडीकरांकडून स्पंज आणला, दुधाच्या किटलीत. त्यांनी चहाही पाजला. मासे कमी करायचा विषय घरी काढला. लेक म्हणाली, 'कोणाला काढणार ते तूच त्यांना सांग.' करंजी, लाडू, चकली, शंकरपाळी, कोणालाच सांगता आलं नाही.

मग वेगळंच केलं. सोसायटीने टाक्या बदलल्या, त्यातली ५०० लिटरची काळी टाकी भंगारात निघाली होती. वॉचमनने वरचा भाग कापून दिला, सगळे मिळून ६०० रुपये. मागच्या अंगणात ठेवली, आत तीनेकशे लिटर पाणी. जुने दगड, फिल्टर, खराडीचा स्पंज आणि मनीप्लँट सगळं त्यात. मीठ नाही, झिओलाइट नाही. काल अमोनिया पाव, आज किट पिवळं, म्हणजे शून्य. नायट्राइट जरासं दिसतंय, त्यावर नजर आहे. एकूण खर्च १,४३०. काचेची टाकी रिकामी पडून आहे, सासरे त्यात कोथिंबीर लावतो म्हणतात.

चारफुटी
काळ्या टाकीत मासे दिसणार कसे? मग पाळायचे कशाला?

निवांत
तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. वरच्या मजल्यावर असतं तर बोललो असतो. अंगण आहे, ठीक.

पाणकोंबडा
माझा सल्ला मासे कमी करायचा होता. तुम्ही पाणी वाढवलं. हिशेब तोच. आठवड्याला पाव पाणी बदला, स्पंज धुऊ नका, हे तिसऱ्यांदा लिहितोय.

टँकरग्रस्त
नाही धूत. पण ऊन येतं तिथे आणि पाणी हिरवं व्हायला लागलंय. वाईट आहे का?

पाणकोंबडा
दिसायला वाईट, माशांना नाही. ते शेवाळच आहे, अमोनिया तेही खातं. फक्त रात्री ते प्राणवायू वापरतं, एअरपंप बंद पडू देऊ नका. दुपारची सावली करा.

शुभांगी_वास्तु
अंगणाची दिशा कोणती?

हळदीकुंकू
वर जाळी घातलीत का? नसेल तर आजच घाला. आमच्या गच्चीवरच्या टबातले अकरा गप्पी एका खंड्याने आठवड्यात नेले. रोज सकाळी साडेसातला यायचा, दोरीवर बसून आधी नीट बघायचा.