‘स्मार्ट ग्लास’ला मराठीत काय लिहायचं?

रेषाघर: जुळे सोलापुरात एका शोरूमचं काम चालू आहे. दर्शनी बाजू पश्चिमेला, मालकांना ती पूर्ण काचेची हवी. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. माहितीपत्रक मराठीत करायचंय. ‘उन्हाप्रमाणे बदलणारी काच’ याला सुटसुटीत शब्द सुचवा.

चाटीगल्ली: सरडा काच!

शब्दवेडी: ‘चतुर काच’ नको, जाहिरातीचा वास येतो. ‘ऊनपारखी काच’ कशी वाटते?

काचकाम: ऐकायला झकास आहे, पण सगळ्यांना लागू नाही. ऊन स्वतः ओळखून गडद होते ती प्रकाशवर्णी, चष्म्यात असते तशी. विद्युतवर्णी, म्हणजे विजेने रंग बदलणाऱ्या काचेला उन्हातलं काही कळत नाही. बटण दाबा नाहीतर सेन्सर जोडा. तिच्यावर बहुधा टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर असतो. थोडा व्होल्ट दिला की लिथियमचे आयन त्यात शिरतात आणि काच निळी पडते, उलटा दिला की निवळते. मोठ्या तावदानाला यात काही मिनिटं जातात.

तिसरी उष्णतेची, व्हॅनेडियम डायऑक्साइडवाली. साधारण 68 अंशांच्या वर तो धातूसारखा वागतो आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण अडवतो. खिडकीला 68 अंश फारच झाले, म्हणून टंगस्टन मिसळून तो आकडा खाली आणतात. गंमत अशी की डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो. मग हिला ‘रंग बदलणारी’ कसं म्हणणार? ‘उष्णतारोधी’ही अपुरं, कारण गार असताना ती ऊब आत येऊ देते. मी ‘तापबदल काच’ म्हणेन.

रेषाघर: आणि लाईट गेली तर? मालकांचा पहिला प्रश्न तोच असणार.

काचकाम: विद्युतवर्णीला वीज मुख्यतः रंग बदलताना लागते, नंतर रंग बराच वेळ टिकतो. म्हणून ‘विजेवर चालणारी’ लिहू नका, ‘विजेने बदलणारी’ लिहा. केबिनला लावतात ती दुधी काच वेगळी, द्रवस्फटिकांची. वीज गेली की ती दुधी होते. आडोसा मिळतो, उष्णता फारशी अडत नाही. दुकानदार तिलाही ‘स्मार्ट’च म्हणतात, तेव्हा कोटेशन नीट वाचा.

शब्दवेडी: काच सोडून तावदानच का नको? तो शब्द फारसी ‘ताबदान’वरून आला, आणि ‘ताब’मध्ये उजेड आणि उष्णता दोन्ही अर्थ आहेत. इथे नेमकी त्यांचीच फारकत करायचीय.

माळवदकर: आमच्या गावाकडच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, सानं असायचं, उजेडासाठी ठेवलेलं भोक. उजेड हवा की उघडं, पाऊस आला की वर पत्रा. बदलायला माणूस लागायचा एवढंच. रेषाघर, शब्द मिळाला तर छानच, पण पश्चिमेला काचेच्या बाहेर छज्जा आणि आडोसा काढा की राव. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडलेलं बरं.

रेषाघर: अण्णा, छज्जा काढला तर पाटी दिसत नाही म्हणतात मालक. सध्या ‘विजेने गडद होणारी काच’ लिहितोय.

चाटीगल्ली: सरडाच बरा होता.