मदत हवी आहे: किर्लोस्कर आडनावाचे अण्णासाहेब आणि लक्ष्मणराव, दोघांचं नातं काय?

मंडळी, गावच्या वाचनालयात एका आडनावाची माणसं आणि वस्तू असं छोटं प्रदर्शन मांडतोय. आडनाव घेतलंय किर्लोस्कर. आमच्या गोठ्यातलं जुनं कडबा कापायचं यंत्र घासून काढलं, तर चाकावर ओतीव अक्षरांत हेच नाव निघालं. तिथून सुरुवात झाली.

बाकीचं बरंच जमलंय: संगीत शाकुंतल (1880), 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी, तिथलं रेल्वे स्टेशन, 1920 साली निघालेलं मासिक. मूळ गाव मालवण तालुक्यातलं किर्लोस, हेही तक्त्यावर घेतलंय.

अडलंय ते एकाच ठिकाणी. नाटककार अण्णासाहेब (बळवंत पांडुरंग, जन्म 1843) आणि कारखानदार लक्ष्मणराव (लक्ष्मण काशीनाथ, जन्म 1869) दोघेही बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. गाव एक, आडनाव एक, म्हणजे घराणंही एकच असणार असं वाटतं, पण अंदाजावर वंशवृक्ष रंगवणं मला पटत नाही. विश्वकोशातल्या नोंदी वाचून झाल्या, वाचनालयातली चरित्रंही चाळली. कुणी नुसतं 'नातेवाईक' म्हणतं, कुणी काहीच म्हणत नाही.

ऐकीव माहिती नको, छापील आधार हवा. मोडी कागद असला तरी चालेल, वाचणारे आहेत. पुण्याला जाणं मात्र सध्या शक्य नाही.

दोघांचा समान पूर्वज नावानिशी दाखवणारा किर्लोस्करांचा कुलवृत्तांत कुणी पाहिलाय का, आणि तो कुठे मिळेल?